हात चोळू नका, आधी घड्याळ बघा: पक्षाघात समजून घेताना

हात लुळा पडला की घरातली माणसं हात चोळायला घेतात. कुणी तेल गरम करतं, कुणी लसूण ठेचतं, शेजारच्या काकू "अंगावरून वारं गेलंय, मालिश करा" म्हणतात. सगळं काळजीपोटीच होतं. पण त्या हातात काहीच बिघडलेलं नसतं. हाडं, स्नायू, शिरा सगळं जागच्या जागी शाबूत असतं. बिघाड झालेला असतो वर, कवटीच्या आत, आणि तोही बहुतेक वेळा विरुद्ध बाजूला.

पक्षाघात म्हणा, अर्धांगवायू म्हणा, लकवा, पॅरालिसिस किंवा डॉक्टरांचा स्ट्रोक म्हणा, हा मेंदूच्या रक्तपुरवठ्याचा आजार आहे. मेंदूचा कुठला भाग काय करतो हे समजून घ्यायला याच्याइतका चांगला शिक्षक नाही, कारण जो भाग बंद पडतो त्याचं काम डोळ्यांदेखत थांबतं. आणि पहिल्या काही तासांत उपचार मिळाले तर यातला बराचसा बिघाड टाळता येतो. आपल्याकडे नेमके तेच तास वाया जातात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. पण शरीर वापरतं त्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो, आपण गाढ झोपेत असलो तरी. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, मेंदूत तो नावापुरताच. त्यामुळे दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त तिथे पोचावंच लागतं. पुरवठा पूर्णपणे थांबला, तर दहाएक सेकंदांत माणसाची शुद्ध हरपते.

हे रक्त चार वाटांनी येतं. मानेला दोन्ही बाजूंनी बोट लावल्यावर जिचा ठोका जाणवतो ती कॅरोटिड, अशा दोन. शिवाय मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून वर चढणाऱ्या दोन व्हर्टेब्रल. मेंदूच्या तळाशी या चारही वाटा एका कड्याने एकमेकींना जोडलेल्या असतात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली या कड्याचं तपशीलवार वर्णन केलं, आणि ते आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. एखाद्याच्या मानेतली एक मोठी रक्तवाहिनी हळूहळू पूर्ण बुजलेली असते आणि त्याला पत्ताही नसतो, ती या कड्याची कृपा. रक्त दुसरीकडून फिरून येतं. मात्र हे कडं सगळ्यांच्यात अखंड नसतं. कड्याच्या पुढे ज्या फांद्या फुटतात त्यांना तर एवढीही सोय नाही. प्रत्येक फांदीचा इलाखा ठरलेला. फांदी बंद झाली की त्या इलाख्याचं काम थांबतं, आणि काय थांबलं आहे ते पाहून अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट (मेंदूविकारतज्ज्ञ) स्कॅन येण्याआधीच सांगू शकतो की बिघाड कुठे असावा.

यातली सर्वांत जास्त वेळा बंद पडणारी फांदी म्हणजे मधली, मिडल सेरेब्रल. मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या बाजूचा बराचसा भाग तिच्यावर जगतो. हालचालींचा हुकूम सोडणारी पट्टी तिथेच आहे, कानाच्या वरून डोक्याच्या मध्यापर्यंत जाणारी. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफील्ड या सर्जनने जाग्या रुग्णांच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून या पट्टीचा नकाशा तयार केला. १९३७ साली तो छापून आला. त्यात शरीर उलटं मांडलेलं दिसतं: चेहरा आणि जीभ खाली, हात त्याच्या वर, आणि पाय थेट माथ्यावरून दोन्ही अर्धगोलांमधल्या फटीत उतरलेला. हाताची बोटं आणि ओठ यांना पाठीपेक्षा कितीतरी जास्त जागा. पाय ज्या फटीत आहे तिथे रक्त पोचवणारी फांदी वेगळी, पुढची. म्हणूनच मधली फांदी बंद झाली की तोंड आणि हात जास्त जातात, पाय त्या मानाने बरा राहतो. पुष्कळ रुग्ण काही आठवड्यांत काठी घेऊन चालायला लागतात, पण शर्टाची गुंडी लावता येत नाही. नातेवाईकांना हे कोडं वाटतं, त्याचं उत्तर या नकाशात आहे.

या पट्टीतून निघालेले तंतू खाली येताना मेंदूच्या खोडाच्या शेवटी बाजू बदलतात. डावीकडचे बहुतेक सगळे उजवीकडे जातात, उजवीकडचे डावीकडे. म्हणून उजवं अंग गेलं की मेंदूची डावी बाजू तपासायची.

चेहऱ्याची एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण तिथे फार घोळ होतो. तोंड वाकडं झालं म्हणजे दर वेळी मेंदूत बिघाड असतोच असं नाही. चेहऱ्याची नस कवटीतून बाहेर पडताना सुजली तरी तोंड वाकडं होतं, त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. फरक कपाळावर कळतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. त्यामुळे एका बाजूच्या मेंदूला इजा झाली तरी भुवया उंचावता येतात, आठ्या पडतात, फक्त ओठाचा कोपरा ओघळतो. नसच सुजली असेल तर तो अख्खा अर्धा चेहरा सपाट पडतो, आठी पडत नाही, डोळा मिटत नाही. पण हा निवाडा घरच्यांनी करायचा नाही. तोंड अचानक वाकडं झालं तर दवाखानाच गाठायचा, कपाळ डॉक्टर बघतील.

आता वाचेबद्दल, म्हणजे बोलण्याबद्दल. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडे एक रुग्ण आला. लबोर्न त्याचं नाव. कैक वर्षं तो 'तां' एवढा एकच शब्द बोलू शकत होता. विचारलेलं त्याला बरंचसं समजत होतं, हातवारे करून उत्तरं देत होता, पण तोंडून निघायचं ते 'तां, तां'. काही दिवसांत तो वारला. ब्रोकाने मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागाच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात इजा सापडली. तेरा वर्षांनी, १८७४ साली, कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरने उलट चित्र मांडलं. त्याचे रुग्ण घडाघडा बोलत, चाल, लय, सगळं बरोबर, पण अर्थ लागत नसे, आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना उमगत नसे. त्यांची इजा कानाजवळच्या भागात, मागे होती.

आजही घरात हे दोन्ही प्रकार दिसतात आणि दोन्हींचा चुकीचा अर्थ लावला जातो. ज्याला समजतं पण बोलता येत नाही, त्याच्याशी लोक मोठ्याने, लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. जो अर्थहीन बोलतो त्याला वेड लागलं असं समजतात. दोघांचीही बुद्धी गेलेली नसते, भाषेचं यंत्र बिघडलेलं असतं. आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. ज्याला मुलाचं नाव उच्चारता येत नाही तो आरती म्हणू शकतो, एक ते दहा आकडे म्हणतो, कधी रागाने शिवीही स्पष्ट निघते. तोंडपाठ आणि सुरात असलेली भाषा मेंदू वेगळ्या वाटेने बाहेर काढतो, त्यात उजव्या बाजूचाही वाटा आहे. यावरच आधारलेली, शब्द सुरात बसवून बोलायला शिकवण्याची उपचारपद्धत स्पीच थेरपिस्ट १९७३ पासून वापरत आले आहेत. त्यामुळे आजोबा आरती म्हणतात म्हणजे बोलायचा आळस करतात, असं कृपा करून कुणी म्हणू नये.

मेंदूच्या उजव्या बाजूचा झटका लोकांना सौम्य वाटतो, कारण बोलणं शाबूत राहतं. माझ्या मते तो जास्त फसवा आहे. उजवा मेंदू आजूबाजूच्या जागेकडे लक्ष ठेवण्याचं मोठं काम करतो. तो बिघडला की रुग्णासाठी डावीकडचं जगच उरत नाही. ताटातल्या उजव्या बाजूचाच भात खाल्ला जातो, दाढी उजव्या गालाचीच होते, डावीकडून हाक मारली तर तो उजवीकडे बघतो. डोळे चांगले असतात, लक्ष गेलेलं असतं. काही जण तर आपला हात लुळा आहे हेच मान्य करत नाहीत. "उचला बघू" म्हटलं की "उचललाय की" म्हणतात. हा हट्ट नव्हे आणि खोटेपणाही नव्हे. फ्रान्समधल्या बाबिन्स्की या डॉक्टरने १९१४ सालीच याची नोंद केली आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की रुग्ण स्वतः "मला काही झालं नाही, झोपू द्या" म्हणाला तरी त्याच्या शब्दावर थांबायचं नाही.

मागच्या फांदीचा इलाखा दृष्टीचा. ती बंद झाली की दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी नजर जाते, आणि माणूस चष्म्याच्या दुकानात जातो. त्याखाली छोटा मेंदू. तिथे रक्त थांबलं तर हातापायांत ताकद असते पण तोल नसतो. गरगरतं, उलट्या होतात, दारू प्यायल्यासारखी चाल होते. आपल्याकडे याला हमखास पित्त म्हणतात आणि सरबत पाजून झोपवतात. अचानक सुरू झालेली चक्कर आणि सोबत उभंच राहता न येणं, एकाचे दोन दिसणं किंवा जीभ जड होणं, हे पित्त समजू नका. मेंदूचं खोड तर अंगठ्याएवढं, पण श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, जागेपण, सगळ्याची सूत्रं तिथून जातात. तिथला मोठा झटका बसला तर माणूस पूर्ण जागा, सगळं ऐकणारा, पण फक्त डोळे वरखाली करू शकणारा असा राहू शकतो.

शिवाय मेंदूच्या पोटात शिरणाऱ्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आहेत. हालचालीचे सगळे तंतू एका अरुंद पट्ट्यातून खाली जातात, तिथे अशी एखादी बारीक वाहिनी बंद झाली तर सेंटिमीटरभर इजेतही पूर्ण अर्धं अंग जाऊ शकतं. वर्षानुवर्षं चढलेला रक्तदाब या वाहिन्यांना कडक आणि ठिसूळ करतो. मग त्या एक तर बुजतात, नाहीतर फुटतात.

बुजणं आणि फुटणं, पक्षाघाताचे हे दोन मुख्य प्रकार. गुठळीने वाट बंद होण्याचा प्रकार जास्त, दहातल्या सात ते आठ किंवा त्याहून अधिक रुग्णांत. बाकीच्यांत रक्तस्राव. बाहेरून बघून हे दोन प्रकार खात्रीने वेगळे करता येत नाहीत, कितीही मोठा डॉक्टर असला तरी. त्यासाठी सीटी स्कॅन लागतो, आणि तो काही मिनिटांचा असतो. म्हणून घरात असलेली ॲस्पिरिनची गोळी लकव्यात आपल्या मनाने द्यायची नाही. रक्तस्राव असेल तर ती घात करते. बीपी उतरवायची गोळी जिभेखाली ठेवायचीही घाई नको. गुठळी झालेली असताना रक्तदाब एकदम पडला तर उरलासुरला पुरवठाही आटतो. आणि पाणी, चहा, दूध काहीही तोंडात घालू नये. गिळण्याची शक्ती गेलेली असेल तर ते फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. या न्यूमोनियाने दगावणारे रुग्ण थोडे नाहीत.

वेळेचं महत्त्व कशामुळे, ते नीट समजून घेऊ. गुठळी अडकली की त्या इलाख्याच्या गाभ्यातल्या पेशी काही मिनिटांत मरतात. पण कडेच्या पट्ट्याला शेजारच्या फांद्यांमधून थोडं रक्त झिरपत राहतं. पाट फुटल्यावर बांधापलीकडच्या ओलीवर तग धरलेल्या वाफ्यासारखी त्याची गत असते: रोपं माना टाकतात, पण मेलेली नसतात, वेळेत पाणी आलं तर उभी राहतात. सगळी धडपड या पट्ट्यासाठी असते. मानवी मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. मोठी रक्तवाहिनी बंद झालेली असताना दर मिनिटाला त्यातल्या सरासरी १९ लाख मरतात, असा हिशेब जेफ्री सेव्हर या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने २००६ साली मांडला.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कामाचं आहे हे १९९५ सालच्या एका अमेरिकन चाचणीत सिद्ध झालं. तेव्हा मर्यादा तीन तासांची होती, २००८ साली युरोपातल्या अभ्यासानंतर ती साडेचार तासांवर गेली. हे इंजेक्शन जोखमीचं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या पहिल्या चाचणीत शंभरातल्या सहा जणांच्या मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता. तरीही तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा इंजेक्शन मिळालेल्यांत जवळपास पूर्ण बरे झालेल्यांचं प्रमाण न मिळालेल्यांपेक्षा निदान तीस टक्क्यांनी जास्त होतं. जितकं लवकर द्यावं तितका फायदा जास्त आणि धोका कमी. मोठी वाहिनी बंद असेल तर जांघेतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. २०१५ मध्ये पाच चाचण्यांनी या उपायाची बाजू पक्की केली, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत तो २४ तासांपर्यंत करता येतो. मात्र ही निवड स्कॅनवरून होते, तेव्हा "२४ तास आहेत" म्हणून निवांत राहता येत नाही.

हे घड्याळ तुम्ही पाहिलंत तेव्हापासून सुरू होत नाही. माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता, तिथून सुरू होतं. रात्री दहाला जेवून झोपला आणि सकाळी सहाला तोंड वाकडं दिसलं, तर डॉक्टर दहा वाजल्यापासून मोजतील. म्हणून दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच असावं: "अमुक वाजता ते नीट होते." नुसतं "सकाळपासून" म्हणून भागत नाही.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, ओठ एकीकडे ओघळतो का पाहा. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा, एक खाली येतो का पाहा. एखादं साधं वाक्य म्हणायला सांगा, जीभ अडखळते किंवा शब्द भलतेच येतात का पाहा. यातलं एक जरी अचानक दिसलं तरी १०८ ला फोन. आणि पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरीही जायचं. गुठळी आपोआप विरघळली की असा छोटा झटका येऊन जातो, आणि मोठ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. घरच्यांना हायसं वाटतं आणि सगळे झोपतात. मला या आजारातली सर्वांत दुःखद गोष्ट हीच वाटते.

गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांमधल्या मृत्यूंची नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या गावांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात निघालं, साधारण दर सातातला एक मृत्यू. त्यातले बहुतेक घरीच झाले. पक्षाघात हा शहरातल्या खात्यापित्या लोकांचा आजार, हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही. गावात कबुतराच्या रक्ताने मालिश करायला नेतात, लकव्याचं औषध देणाऱ्याकडे जीप करून दोनशे किलोमीटर नेतात. पुष्कळांना त्यानंतर थोडं बरं वाटतंही, कारण पहिल्या आठवड्यांत मेंदू स्वतःच काही प्रमाणात सावरत असतो. श्रेय मालिशला जातं. त्या जीपने आधी सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठलं असतं तर काय झालं असतं, ते मग कधीच कळत नाही. चोवीस तास सीटी स्कॅन सुरू असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं, हे आज, सगळे धडधाकट असताना विचारून ठेवा.

कारणांमध्ये रक्तदाब सगळ्यांच्या पुढे. त्यानंतर मधुमेह, तंबाखू (मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे), आणि हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा विकार, ज्यात हृदयात गुठळी धरते आणि वर मेंदूत जाते. लहानपणी संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेल्या तरुण बायकांनाही हा धोका असतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्या कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, तिथे शाळकरी मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होते, असे रुग्ण भारतात बरेच दिसतात. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी पद्धत त्याला हातभार लावते. तिला वाढत जाणारी डोकेदुखी, फिट किंवा अंगात कमजोरी आली तर बाहेरचं काही म्हणून वेळ काढू नका. वेळेत उपचार झाले तर यातल्या बहुसंख्य मुली पूर्ण बऱ्या होतात.

झटक्यानंतर मेंदू मेलेल्या पेशी पुन्हा तयार करत नाही, पण उरलेल्या पेशी नव्या जोडण्या करून काम वाटून घेतात. याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, पुढेही तो थांबत नाही. जोडण्या वापराने होतात. दुसऱ्याने हात हलवून दिला तर सांधा मोकळा राहतो, मेंदू मात्र रुग्णाने स्वतः प्रयत्न केला तरच शिकतो, पेला चार वेळा सांडला तरी. उठवताना लुळा हात धरून ओढू नका. त्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, तो सांध्यातून खाली निसटतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. उठवताना पाठीला किंवा कमरेला धरावं.

साधारण तीनातल्या एकाला पुढच्या काळात नैराश्य येतं. काही अंशी परिस्थितीमुळे, काही अंशी इजेमुळे मेंदूतच बदल झाल्याने. व्यायाम नको म्हणणं, जेवण नको म्हणणं, भिंतीकडे तोंड करून पडून राहणं, याला घरात "मनच धरत नाहीत" म्हणतात. यावर औषधं आहेत, ती लागू पडतात, आणि मन सावरलं की व्यायामही सुरू होतो. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा हातापायाबरोबर हेही डॉक्टरांना सांगा.